केशकूपातील पेशींना वळण कोण लावते? पेशीबाह्य मॅट्रिक्सविषयी चर्चा

पेशीवेध (धागाकर्ता)

केस गळण्याविषयी आपल्याकडे भरपूर बोलले जाते. मात्र ते बोलणे तेल, शाम्पू, पाणी, आनुवंशिकता आणि फार तर हार्मोन यांच्यापलीकडे सहसा जात नाही. केशकूपातील पेशी ज्या आधारावर बसलेल्या असतात त्या आधाराचा त्यांच्या वागणुकीशी काय संबंध आहे, या प्रश्नावर गेल्या काही दशकांत झालेले काम मला फार मोलाचे वाटते. मराठीत त्यावर सविस्तर चर्चा व्हावी म्हणून हा धागा काढत आहे.

केशकूप म्हणजे बाह्यत्वचेचा अंतःत्वचेत खोलवर गेलेला नळीसारखा भाग. त्याच्या तळाशी डर्मल पॅपिला नावाचा फायब्रोब्लास्ट पेशींचा (त्वचेतील आधारतंतू विणणाऱ्या पेशींचा) लहानसा पुंजका असतो, आणि तेथून वर, जिथे रोमांच उभे करणारा स्नायू केशकूपाला येऊन चिकटतो त्या जागी, नळीच्या भिंतीला किंचित फुगवटा असतो. या फुगवट्यात केशकूपाच्या मूलपेशी, म्हणजे स्वतःसारख्या आणि इतर प्रकारच्या नव्या पेशी घडवू शकणाऱ्या पेशी, राहतात, हे १९९० मध्ये उंदरांवरील प्रयोगांतून स्पष्ट झाले. एरवी त्या शांत असतात. केसाचे नवे चक्र सुरू व्हायच्या वेळी जाग्या होतात, काही काळ विभाजित होतात आणि पुन्हा शांत होतात. डोक्यावरचा एक केस साधारणपणे दोन ते सहा वर्षे वाढतो, मग दोन-तीन आठवड्यांत केशकूपाचा खालचा भाग आक्रसतो, सुमारे तीन महिने विश्रांती होते आणि पुन्हा वाढ सुरू होते. माणसाच्या आयुष्यात हे चक्र अनेकदा फिरते, आणि प्रत्येक वेळी भिस्त असते ती या मूठभर पेशींवर.

या पेशी आणि अंतःत्वचा यांच्यामध्ये आधारपटल असते. ते पेशीबाह्य मॅट्रिक्सचेच, म्हणजे पेशींनी आपल्या बाहेर विणलेल्या रेणूंच्या जाळ्याचेच, एक रूप होय. (केसाच्या मुळाशी वेगाने विभाजित होणाऱ्या पेशींच्या समूहालाही मॅट्रिक्स म्हणतात, या धाग्यात तो अर्थ अभिप्रेत नाही.) लॅमिनिन, कोलॅजन ४, निडोजेन, पर्लेकन अशा रेणूंनी विणलेले हे पटल सुमारे १०० नॅनोमीटर जाडीचे, म्हणजे केसाच्या जाडीच्या जवळजवळ हजाराव्या हिश्श्याएवढे असते. पेशी आपल्या इंटिग्रिन नावाच्या प्रथिनांनी ते धरून ठेवतात. बराच काळ या पटलाकडे निव्वळ चिकटण्याची जागा म्हणून पाहिले गेले. माझे म्हणणे असे आहे की ही दृष्टी अपुरी आहे. पेशीने विभाजित व्हावे की शांत राहावे, मूलपेशी म्हणून टिकावे की परिपक्व होऊन झडून जावे, याचा मोठा निर्णय या पटलाशी असलेल्या तिच्या संबंधातून होतो.

याचा सर्वांत स्वच्छ पुरावा जुना आहे. माणसाच्या त्वचेतील केराटिनोसाइट पेशी (बाह्यत्वचेच्या मुख्य पेशी) कशालाही चिकटू न देता द्रवात तरंगत ठेवल्या, तर त्या परिपक्वतेच्या अखेरच्या वाटेला लागतात. मात्र त्याच द्रवात फायब्रोनेक्टिन हे मॅट्रिक्समधील प्रथिन घातले, तर त्यांतील बऱ्याच पेशी ही वाट धरत नाहीत, असे १९८९ मध्ये दाखवले गेले. पेशीला पसरायला पृष्ठभाग मिळालेला नसतो, तिचा आकारही बदललेला नसतो. केवळ इंटिग्रिनला मॅट्रिक्सचा रेणू भेटला एवढ्याने तिचा निर्णय बदलतो. म्हणजे मॅट्रिक्स हा संदेशही असतो.

केशकूपात हे संदेश जागोजागी वेगळे असतात. हिरोनोबू फुजिवारा आणि फिओना वॉट यांच्या गटाने २०११ मध्ये दाखवले, की फुगवट्यातील मूलपेशी नेफ्रोनेक्टिन नावाचे प्रथिन तयार करून आपल्याखालच्या आधारपटलात पेरतात. अंतःत्वचेतील ज्या पेशींवर या प्रथिनाला ओळखणारे इंटिग्रिन असते, त्या तेथे येऊन चिकटतात आणि त्यांच्यात गुळगुळीत स्नायूची लक्षणे वाढतात. रोमांच उभे करणारा स्नायू नेमका त्याच जागी का चिकटतो, याचे उत्तर अशा रीतीने मूलपेशींनीच लिहून ठेवलेले सापडले. ज्या उंदरांत नेफ्रोनेक्टिनचे जनुक काढून टाकले होते त्यांच्यात असे स्नायू कमी बनले, आणि जे बनले ते फुगवट्याच्या वर जाऊन चिकटले, कारण तेथे त्याच कुळातील ईजीएफएल६ हे प्रथिन वाढले होते. या दुसऱ्या प्रथिनाचे स्वतःचे कामही पुढे २०१८ मध्ये उलगडले. फुगवट्याच्या वरच्या भागातील पेशी ते बाहेर सोडतात आणि केसाला झालेला हलका स्पर्श टिपणाऱ्या मज्जातंतूंची टोके त्याच्या आधाराने नीट रचली जातात. ते नसेल तर ही रचना विस्कटते आणि स्पर्शाला मिळणारा प्रतिसाद मंदावतो. एकाच केशकूपावर काही मायक्रोमीटरच्या अंतरात स्नायूची जागा वेगळी आणि मज्जातंतूची वेगळी, आणि दोन्ही जागांच्या खुणा मॅट्रिक्समध्ये!

वार्धक्याशी असलेला संबंध तर याहून थेट आहे. कोलॅजन १७ हे प्रथिन कोलॅजन १ सारखे तंतू बनवत नाही. त्याचे एक टोक पेशीच्या आत आणि दुसरे बाहेर आधारपटलात असते आणि त्याद्वारे पेशी पटलाशी जखडलेली राहते. एमी निशिमुरा यांच्या गटाने २०११ मध्ये दाखवले, की हे प्रथिन नसलेल्या उंदरांचे केस अकाली पांढरे होतात आणि गळतात. पांढरे होण्याचे कारण विशेष आहे. रंगद्रव्य बनवणाऱ्या पेशींच्या मूलपेशी फुगवट्यातच शेजाराला राहतात आणि त्यांना टिकून राहण्यासाठी लागणारा टीजीएफ-बीटा हा संकेत केशकूपाच्या मूलपेशींकडून मिळतो. कोलॅजन १७ गेले की तो संकेत कमी होतो. पुढे २०१६ मध्ये त्याच गटाने मांडले, की वयपरत्वे डीएनएची हानी साचत जाते, त्यातून एक प्रथिनभंजक विकर सक्रिय होते, ते कोलॅजन १७ तोडते, पकड सुटलेल्या मूलपेशी बाह्यत्वचेच्या पेशींसारख्या होऊन वर सरकतात आणि शेवटी त्वचेवरून झडून जातात. केशकूप त्यामुळे लहान लहान होत जातो. उंदरांमध्ये हे प्रथिन कृत्रिमरीत्या टिकवून ठेवल्यावर हा ऱ्हास रोखला गेला, आणि वयस्क माणसांच्या टाळूच्या नमुन्यांतही कोलॅजन १७ घटलेले व केशकूप आक्रसलेले आढळले.

यावर जाणकारांनी आणि ज्यांना प्रश्न आहेत अशा सर्वांनी लिहावे.

रानजाई

लेख दोनदा वाचला. एक शंका आहे. मूलपेशीच आधारपटलात प्रथिने पेरतात आणि तेच पटल त्यांना मूलपेशी म्हणून टिकवते, असे असेल तर सुरुवात कोणाकडून होते? शिवाय स्नायूला जागा दाखवून मूलपेशींना काय मिळते, हेही समजून घ्यायला आवडेल.

पेशीवेध

रानजाई, सुरुवात भ्रूणावस्थेत होते आणि तेथे बाह्यत्वचा व अंतःत्वचा यांच्यात देवाणघेवाण चालते. लॅमिनिन ५११ हे आधारपटलातील प्रथिन नसेल तर उंदरांच्या भ्रूणात केशकूपाची वाढ अर्ध्यावर थांबते आणि डर्मल पॅपिलाही नीट तयार होत नाही. हे प्रथिन प्रामुख्याने बाह्यत्वचेकडून येते आणि परिणाम मात्र अंतःत्वचेतील पेशींवर दिसतो. म्हणून कोणा एकाकडे सुरुवातीचे श्रेय द्यावे असे मला वाटत नाही. प्रत्येक टप्प्यावर पेशी मॅट्रिक्स बदलतात आणि बदललेले मॅट्रिक्स पुढच्या टप्प्यावर त्याच पेशींना मर्यादा घालून देते.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे सुंदर उत्तर २०२० मध्ये या-चिए सू यांच्या हार्वर्डमधील गटाने दिले. रोमांच उभे करणाऱ्या स्नायूच्या आधाराने अनुकंपी (शरीराच्या आपोआप होणाऱ्या क्रिया चालवणारा) मज्जातंतू फुगवट्यापर्यंत पोहोचतो आणि मूलपेशींशी जवळजवळ चेतासंधीसारखा संपर्क साधतो. थंडी दीर्घकाळ टिकली की या मज्जातंतूकडून येणाऱ्या नॉरएपिनेफ्रिन या संदेशवाहक रसायनामुळे मूलपेशी लवकर जाग्या होतात आणि नवा केस उगवू लागतो. प्रौढ उंदरांतील हा स्नायू काढून टाकल्यावर मज्जातंतूही मूलपेशींपासून मागे हटला. म्हणजे नेफ्रोनेक्टिन पेरून मूलपेशींनी ज्याला जवळ बोलावले, त्याच्याच आधाराने बाहेरच्या हवामानाची वार्ता त्यांच्यापर्यंत पोहोचते. या संपूर्ण विषयातील मला सर्वाधिक आवडणारा भाग हाच आहे.

शल्यक

मी त्वचारोग क्षेत्रात काम करतो, त्यामुळे माणसांच्या बाजूने काही भर घालतो. उंदरांच्या प्रयोगांवरून थेट माणसाच्या टकलाकडे उडी मारू नये, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. तरीही मॅट्रिक्सचे महत्त्व माणसात दिसत नाही असे अजिबात नाही. कोलॅजन १७ चे जनुक दोन्ही बाजूंनी सदोष असेल तर बाह्यत्वचा फोडांच्या रूपाने सुटणारा एक जन्मजात आजार होतो, हे १९९५ मध्ये सिद्ध झाले, आणि त्या रुग्णांत डोक्यावरचे केस विरळ होणे हे ठळक लक्षण आहे.

रोजच्या कामात आम्हाला जो भेद सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो असा. केमोथेरपीत केसाच्या मुळाशी वेगाने विभाजित होणाऱ्या पेशी मरतात, सगळे केस जातात, पण फुगवट्यातील शांत मूलपेशी आणि त्यांचे आधारपटल बहुधा शाबूत राहते, म्हणून केस परत येतात. टायफॉइड किंवा डेंग्यूनंतर दोन-तीन महिन्यांनी होणारी गळतीही अशीच भरून निघते. याउलट लायकेन प्लॅनोपिलॅरिससारख्या आजारात रोगप्रतिकारक पेशींचा हल्ला फुगवट्यावरच होतो, मूलपेशी नष्ट होतात आणि केशकूपाच्या जागी तंतुमय ऊतक भरते. तेथे केस परत येत नाहीत. म्हणूनच अशा रुग्णाने वेळ न दवडता तपासणी करून घेणे गरजेचे असते.

बायॉप्सीचा काप पीएएस रंगाने रंगवला की आधारपटल किरमिजी रेषेसारखे उठून दिसते. वाढीच्या अवस्थेतील केशकूपाभोवती ही रेषा बारीक व सरळ असते. तोच केशकूप आक्रसू लागला की त्याच्या खालच्या भागाभोवतीचे पटल जाड होते आणि त्याला वळ्या पडतात. विद्यार्थ्यांना मी हे आवर्जून दाखवतो, कारण मॅट्रिक्स सतत बदलत असते हे एका दृष्टिक्षेपात पटते.

पुरुषांत आनुवंशिक पद्धतीने पडणाऱ्या टकलात मूळ कारण डायहायड्रोटेस्टोस्टेरोन या पुरुषी हार्मोनचा डर्मल पॅपिलावरील परिणाम हेच आहे आणि कोलॅजन १७ ला तेथे नायक करू नये. मात्र ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी नोंदवलेले एक निरीक्षण या धाग्याशी जुळते. अशा टकलात बारीक झालेल्या केशकूपांपासून रोमांच उभे करणारा स्नायू सुटलेला आढळतो, तर चाईमध्ये, जिथे केस परत येऊ शकतात, तो चिकटलेला राहतो.

घटप्रभा

चर्चा वाचून एक व्यावहारिक प्रश्न विचारावासा वाटतो. कोलॅजनची पावडर पाण्यात घालून घेतल्याने केस दाट होतात, असे माझ्या ओळखीच्या अनेक जणी सांगतात आणि ती पावडर बरीच महाग असते. कोलॅजन १७ इतके महत्त्वाचे असेल तर त्या पावडरीचा उपयोग होत असेल का? दुसरे असे, की आमच्या घरी बाळाचे जावळ काढताना पुढचे केस दाट येतात असे ठामपणे सांगितले जाते. त्यात काही तथ्य आहे का?

शल्यक

घटप्रभा, बाजारातील पावडर प्रामुख्याने कोलॅजन १ ची असते आणि ती मासे किंवा गुरांच्या कातडीपासून व हाडांपासून बनवतात. माणसात कोलॅजनाचे २८ प्रकार ओळखले गेले आहेत आणि १ व १७ यांची रचना व काम यांत फार अंतर आहे. शिवाय खाल्लेले कोणतेही प्रथिन पचनात अमिनो आम्ले आणि लहान पेप्टाइड यांत तुटते. कोलॅजन १७ हे प्रत्येक पेशीने स्वतःच्या जनुकावरून घडवून स्वतःच्या आवरणात बसवायचे असते. बाहेरून खाल्लेले कोलॅजन तेथे जाऊन बसू शकत नाही. आहारात प्रथिने आणि लोह कमी असतील तर केसांवर परिणाम होतो हे खरे आहे, पण त्यासाठी डाळी, अंडी, दूध, पालेभाज्या आणि गरज असल्यास रक्ततपासणी हा मार्ग मी सुचवीन.

जावळाचे उत्तर सोपे आहे. वस्तरा केसाचा त्वचेबाहेरील निर्जीव भाग कापतो. फुगवटा, पॅपिला आणि आधारपटल यांच्यापर्यंत तो पोहोचतच नाही. बाळाचे नंतरचे केस मूळच्यापेक्षा जाड असतात, पण तो वयाचा परिणाम आहे. विधी आनंदाने करावा.

यंत्रज्ञ

मी स्थापत्य अभियंता आहे, त्यामुळे माझे लक्ष रासायनिक संदेशांपेक्षा आधाराच्या ताठपणाकडे जाते. पेशीला आधार मऊ आहे की कडक हे कळते का, आणि कळत असल्यास केशकूपात त्याचा काही पुरावा आहे का?

पेशीवेध

यंत्रज्ञ, निश्चितच कळते. पेशी इंटिग्रिनच्या साहाय्याने आधाराला धरून आतल्या ॲक्टिन तंतूंनी तो ओढत असते. ताठ आधार कमी सरकतो, त्यामुळे पेशीत ताण अधिक निर्माण होतो. तो ताण याप आणि ताझ या प्रथिनांना केंद्रकात जाण्यास भाग पाडतो आणि कोणती जनुके चालू राहावीत हे बदलते. अस्थिमज्जेतून घेतलेल्या मूलपेशी वेगवेगळ्या ताठपणाच्या जेलवर वाढवल्या तर मेंदूइतक्या मऊ जेलवर त्या चेतापेशींची, स्नायूइतक्या जेलवर स्नायूंची आणि त्याहून कडक जेलवर अस्थिपेशींची लक्षणे दाखवू लागतात, हे २००६ मध्ये प्रसिद्ध झालेले काम या शाखेचा पाया मानले जाते.

केशकूपाबाबत सारा विकस्ट्रॉम यांच्या गटाचे २०२१ मधील काम तुम्ही अवश्य पाहावे. वृद्ध उंदरांत मूलपेशींच्या भोवतीच्या मॅट्रिक्सची घडण बदललेली आणि आधारपटल अधिक ताठ झालेले त्यांना आढळले. त्या ताणामुळे मूलपेशींच्या केंद्रकातील क्रोमॅटिन (डीएनए आणि त्याला गुंडाळणारी प्रथिने) अशा रीतीने आवळले जाते, की स्वतःची संख्या राखण्यासाठी आणि नवा केस घडवण्यासाठी लागणारी जनुके वेळेवर उघडत नाहीत. मला निर्णायक वाटतो तो पुढचा प्रयोग. वृद्ध मूलपेशी काढून तरुण उंदरांत किंवा कृत्रिमरीत्या तयार केलेल्या योग्य परिसरात ठेवल्यावर त्यांची क्षमता परत आली; उलट, आधारपटलाचा ताठपणा वाढवल्यावर वार्धक्यातले बदल दिसू लागले. म्हणजे दोषाचा मोठा वाटा पेशीपेक्षा तिच्या परिसराकडे होता. भेगाळलेल्या जमिनीत पेरलेले चांगले बियाणे उगवत नाही, म्हणून बियाण्याला बोल लावू नये, तसेच हे आहे.

आडवाट

२०१६ च्या कामात मूलपेशी वर सरकून त्वचेवरून झडतात असे म्हटले आहे. पण त्या खाली अंतःत्वचेत निसटून जातात असेही माझ्या वाचनात आले होते. दोन्ही एकाच वेळी खरे कसे असेल?

पेशीवेध

आडवाट, तुम्ही नेमक्या जागी बोट ठेवले आहे. २०२१ मध्ये रुई यी यांच्या गटाने जिवंत वृद्ध उंदराच्या त्वचेत सूक्ष्मदर्शकाने पाहिले, तेव्हा फुगवट्यातील काही पेशी आधारपटल ओलांडून अंतःत्वचेत निसटताना दिसल्या. फॉक्ससी१ आणि एनफॅटसी१ ही दोन नियामक जनुके वयपरत्वे मंदावतात, त्यांच्या अखत्यारीतील पेशी-आसंजनाची आणि मॅट्रिक्सची जनुके कमी चालतात, आणि पेशींची पकड ढिली होते. ही दोन्ही जनुके एकत्र काढून टाकलेल्या उंदरांत केस लवकर विरळ झाले, असे त्यांनी मांडले. पेशी कोणत्या दिशेने गेल्या याविषयी दोन्ही गटांची निरीक्षणे वेगळी आहेत हे मान्य करायला हवे. मात्र दोन्हीकडे पेशी जाण्याआधी जे घडते ते एकच आहे, आणि ते म्हणजे मॅट्रिक्सवरील पकड सुटणे. माझ्या मते दिशेच्या वादापेक्षा या सामायिक निष्कर्षाचे वजन अधिक आहे, कारण उपचाराचा विचार पकड टिकवण्याच्या बाजूनेच करता येईल.

रानजाई

आमच्या कुटुंबात एकाच्या हातावर लहानपणी भाजल्याचा मोठा व्रण आहे. त्वचा भरून आली, पण त्या जागी केस कधीच आले नाहीत. हे मॅट्रिक्समुळेच असेल का?

शल्यक

बऱ्याच अंशी होय. खोल भाजल्यावर केशकूप मुळासकट नष्ट होतात. जखम भरताना अंतःत्वचेतील फायब्रोब्लास्ट घाईने कोलॅजनचे दाट, समांतर तंतू घालतात. निरोगी त्वचेतील तंतू टोपलीच्या विणीसारखे असतात, व्रणातले तसे नसतात. अशा ताठ मॅट्रिक्समध्ये नवा केशकूप घडवण्यासाठी लागणारा संवाद सुरूच होत नाही. प्रौढ उंदरांच्या मोठ्या जखमांच्या मध्यभागी नवे केशकूप उगवू शकतात, हे २००७ मध्ये दाखवले गेले. पुढे २०२१ मध्ये स्टॅनफर्डच्या गटाने उंदरांच्या जखमांत याप प्रथिनाचे काम रोखणारे व्हर्टेपॉर्फिन हे औषध वापरल्यावर व्रणाऐवजी केशकूपांसह जवळजवळ मूळची त्वचा परत आल्याचे दाखवले. हे औषध डोळ्यांच्या एका आजारासाठी वापरात आहे, पण व्रणासाठी ते स्वतःहून वापरण्याचा विचार कोणीही करू नये. जुन्या, स्थिर झालेल्या व्रणात डोक्याच्या मागच्या बाजूचे केशकूप बसवण्याची शस्त्रक्रिया काही रुग्णांत करता येते. त्यात केशकूपाबरोबर त्याचे आधारपटल आणि पॅपिलाही येत असल्यामुळे तो नव्या जागी तग धरू शकतो.

यंत्रज्ञ

मग प्रयोगशाळेत पॅपिलाच्या पेशी वाढवून हव्या तितक्या केशकूपांची निर्मिती अजून का होत नाही?

पेशीवेध

यंत्रज्ञ, पहिले पाऊल १९८४ मध्येच पडले होते. उंदीरकुळातील रॅटच्या मिशांच्या मुळांतून घेतलेल्या पॅपिलाच्या पेशी बशीत वाढवून त्यांचे रोपण केल्यावर केस उगवले. माणसाच्या पेशींनी मात्र दाद दिली नाही. बशीच्या सपाट, कडक तळावर त्या पसरतात, पॅपिलात असताना त्यांच्याभोवती असलेले व्हर्सिकानसारख्या प्रोटिओग्लायकनांनी (शर्करेच्या साखळ्या जोडलेल्या प्रथिनांनी) समृद्ध मॅट्रिक्स विरते आणि केस उगवण्याची आज्ञा देण्याचे सामर्थ्य काही पिढ्यांत हरवते. २०१३ मध्ये कॉलिन जहोडा आणि अँजेला क्रिस्टियानो यांच्या गटांनी याच पेशी उलट्या लटकवलेल्या द्रवाच्या थेंबात वाढवल्या. तेथे तळाला टेकायला जागा नसल्यामुळे त्या एकमेकींना बिलगून गोळा झाल्या आणि आपले मॅट्रिक्स पुन्हा विणू लागल्या. असे गोळे मानवी त्वचेच्या तुकड्यात बसवून तो तुकडा उंदराच्या पाठीवर लावल्यावर सात दात्यांपैकी पाच जणांच्या पेशींनी केशकूपसदृश रचना घडवल्या. जनुकांची मूळची लय अंशतःच परतली होती, त्यामुळे त्या रचनांची दिशा, जाडी, रंग आणि आवर्तन यांवर ताबा नव्हता. सध्याचे प्रयत्न थेंबाऐवजी जेलच्या त्रिमितीय साच्यांत या पेशींना केराटिनोसाइटबरोबर वाढवण्याचे आहेत, आणि त्यात लॅमिनिन किती, ताठपणा किती आणि पॅपिलाचा गोळा केवढा हे तीन आकडे जुळवण्यातच बहुतेक मेहनत खर्च होते.